आडावरचा पोहरा

एका गावात रंगराव नावाचा सरपंच होता. त्या गावच्या आडावर एक पोहरा कायम टांगलेला असे. कुणीही यावं, पाणी शेंदावं, पोहरा जागेवर ठेवावा. विचारायची रीत नव्हती.

पुढे ग्रामपंचायतीचं काम ऑनलाइन झालं. घरांच्या नोंदी कपाटातून निघाल्या आणि दूर कुठं तरी क्लाउडवर जाऊन बसल्या. त्या उघडायला रंगरावाला एक पासवर्ड मिळाला. त्यानं तो खडूनं कचेरीच्या भिंतीवर लिहून टाकला. संगणक चालवणारा ऑपरेटर नसला तरी कुणाचं अडू नये. ज्याला दाखला हवा त्यानं संगणकापुढं बसावं आणि काढून न्यावा. तालुक्यात इतकी झटपट सेवा कुठं नव्हती. बक्षिसासाठी गावाचं नाव पुढं गेलं. रंगरावाची मान ताठ झाली.

ऑपरेटर म्हणाला, "आबा, ते पुसा. कुणी तरी घात करील."

"आडावरचा पोहरा आजवर कुणी पळवला का? गप बस."

एके सकाळी गयाबाई रडत कचेरीत आली. नवऱ्यामागं घर तिच्या नावावर झालं होतं. आज उतारा काढला, तर त्यावर नाव दिराचं, शिरपतीचं.

"गिऱ्हाईक घेऊन आलाय तो दारात. मी कुठं जाऊ, आबा?"

रंगरावानं शिरपतीला बोलावलं. तो हसतच आला.

"बदल तुमच्या पासवर्डनं झालाय, सरपंच. नोंद बदलणारा म्हणून तुमचंच नाव दिसणार. मारा बोंब. बक्षीसही जाईल आणि खुर्चीही."

रंगराव गयाबाईला म्हणाला, "मला वाटलं, पोहरा सगळ्यांचा."

"पोहरा सगळ्यांचाच होता, आबा. घर माझं एकटीचं होतं."

रंगराव उठला. उपरण्यानं भिंत पुसली आणि तालुक्याची एसटी धरली. तिथल्या मोठ्या साहेबापुढं उभा राहून म्हणाला, "दार मी उघडं टाकलं. आधी बाईचं घर द्या. मग माझं काय करायचं ते करा."

क्लाउडवर जुन्या नोंदीची प्रत जपलेली होती. घर गयाबाईला परत मिळालं. शिरपतीवर गुन्हा दाखल झाला. बक्षीस शेजारच्या गावानं नेलं.

आता कचेरीत आधी माणसाची ओळख पटवतात, त्याच्या मोबाइलवर आलेला नंबर विचारतात, मग दाखला देतात. वेळ लागतो. रांगेतला एक जण कुरकुरला, "काय आबा, बक्षिसाला निघालेली पंचायत ती हीच ना?"

रंगराव म्हणाला, "थांब जरा. तुझ्याच घराला कडी लावतोय."

तात्पर्य: लोकांची ठेव ज्याच्या हाती, त्यानं आधी कडी लावावी, मग घाई करावी.