पेजेचा तिसरा वाडगा

"बुवा, आपण निष्कलंक आहोत हे माणसाने सिद्ध कसे करावे?"

केवलबुवा चुलीपुढे बसून पेज ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाम्होरं?" त्यांनी विचारले.

तेंडोलकर मास्तरांनी खाली आपल्या खिशाकडे पाहिले. नेमके तेच सांगायला त्यांना बंदी होती.

बाहेर खाडी नव्हती. म्हणजे होती, पण धुक्याने गिळून टाकली होती. मठीच्या अंगणातली तुळस दिसत होती, तिच्या पलीकडे होडीचे टोक दिसत होते आणि तिथे जग संपत होते. पौषात या काठावर असेच होते. सूर्य वर आला तरी कुणी फडक्यात बांधून ठेवल्यासारखा पिवळट दिसतो, आणि माणसे कारण नसताना एकमेकांशी हळू बोलू लागतात.

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल उभा होता. त्याचा डोळा खिशाच्या काठावरून बाहेर बघत होता.

काल दुपारपासून तो डोळा मास्तरांवर होता. फोनवरचा माणूस म्हणाला होता, आपण बडे पोलीस अधिकारी. मास्तरांच्या नावाचे एक पार्सल पकडले गेले आहे आणि त्यात निघू नये ते निघाले आहे. मग पडद्यावर गणवेश दिसला, मागे झेंडा दिसला, मास्तरांचे नाव छापलेला वॉरंटचा कागद दिसला. मास्तरांना म्हणे अटक झाली होती, पण घरच्या घरी. फोन बंद करायचा नाही. नजरेआड जायचे नाही. कुणापाशी अवाक्षर काढायचे नाही, काढले तर उद्या वर्तमानपत्रात फोटो. सुटकेची वाट एकच. जन्मभराची ठेव 'तपासणीसाठी' सांगितलेल्या खात्यात पाठवायची. निर्दोष ठरलात की संध्याकाळी परत.

घरात मास्तर एकटेच. विचारायचे तरी कुणाला? फोटोच्या धाकाने त्यांचा जीव नुसता गोळा झाला होता.

आता बँक उघडायच्या वेळेला पोचावे म्हणून ते सकाळीच खाडीपलीकडे निघाले होते. पलीकडे नेणारी होडी बुवांची, म्हणून मठीवर येणे भाग होते. "दर्शन घ्या आणि लगेच निघा," अशी खिशातून परवानगी मिळाली होती.

"वांगडा कोण आसा?" बुवांनी विचारले.

"बरोबर? कोणी नाही, बुवा. मी एकटाच आहे."

बुवांशी मास्तर आजवर खोटे बोलले नव्हते. बुवांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिले, एकदा खिशाकडे पाहिले...

मग ते उठले आणि फळीवरून वाडगे काढू लागले.

आता हे मास्तर म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. गावातल्या शाळेचे हेडमास्तर म्हणून त्यांनी उभी हयात घालवलेली. वर्गात कुणी मालवणीत बोलले तर त्याला बाहेर उभे करत. चकवा, भुताची हाक असल्या गोष्टी मुलांच्या डोक्यातून खरवडून काढायच्या, हा त्यांचा ध्यास. आणि परवापरवाच, ग्रामपंचायतीच्या अंगणात, 'फोनवरच्या फसवणुकीपासून सावध राहा' या विषयावर त्यांनीच भाषण ठोकले होते. ओटीपी सांगू नका, आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका, सगळे व्यवस्थित सांगितले. तिथेच थांबते तर बरे झाले असते. पण टाळ्या पडल्या, आणि मास्तरांना चढले.

"फसतो कोण?" त्यांनी हात उंचावून विचारले होते. "एक तर हावरट, नाहीतर अडाणी!"

पुढच्याच रांगेत सुभद्रा धुरी बसली होती. 'बिल भरले नाही, आज वीज तोडणार' असा मेसेज तिला आला होता. तिने खालच्या नंबरावर फोन केला, पलीकडचा सांगेल तसे बटण दाबत गेली, आणि काजू विकून साठवलेले सगळे गेले. साऱ्या गावाला ते ठाऊक होते. मास्तर बोलले तशा माना तिच्याकडे वळल्या. ती पदर सावरत उठली आणि निघून गेली. तेव्हापासून मास्तर मठीत असले की ती मठीची पायरी चढत नसे.

बुवांनी चटई अंथरली. पेज वाढली. एक वाडगा स्वतःपुढे ठेवला, एक मास्तरांपुढे.

आणि एक मास्तरांच्या शेजारी, जिथे कुणीच नव्हते तिथे.

"हा कोणाला, बुवा?"

बुवांनी खिशाकडे बोट केले.

"त्यांकाय वाढलंय."

पेजेची वाफ धुक्यात मिसळत होती...

"मास्टरजी," खिसा कुजबुजला. "बस हो गया. निकलिए."

बुवा पेज फुंकत राहिले, जणू खिशांनी बोलणे ही रोजचीच गोष्ट.

इतक्यात पलीकडच्या काठावरून हाक आली.

"होऽऽऽ... होऽऽऽडी!"

धुक्यातली हाक फार विचित्र असते. ती समोरून येते, मग डावीकडून येते, मग वाटते पाण्याखालूनच आली. मास्तर धडपडत उभे राहिले.

"चला बुवा. पलीकडे उतारू आहे. मलाही सोडा."

बुवा हलले नाहीत.

"आदी पाणी पिवा."

त्या खाडीवर ही रीत होती, बुवांच्या गुरूंच्याही आधीपासूनची. धुक्यातून हाक आली की ओ द्यायची नाही. घोटभर पाणी प्यायचे. मग हाकेच्या रोखाने न जाता आपल्या पायाखालच्या जुन्या धक्क्यावर जायचे, आणि तिथून आपणच विचारायचे: कोण? कोणाच्या घरचो? खरा माणूस घरचे नाव सांगतो आणि वाट बघतो. चकव्याला घर नसते, म्हणून त्याला भारी घाई असते. त्याच्या हाकेमागे गेलेल्या होड्या खाजणातल्या चिखलात रुतलेल्या सापडत. होडी पलीकडे लागताना काठावरचा माणूसही तेच विचारी. रीत दोन्ही बाजूंनी होती.

मास्तरांनी या रीतीची वर्गात कितीदा टर उडवली होती!

बुवा तांब्याने पाणी प्यायले. त्यांनी तांब्या मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी त्याला हात लावला नाही. बुवा अंगणातून सावकाश धक्क्यावर गेले, आणि धुक्याने त्यांना कमरेपर्यंत पुसून टाकले.

"कोण आसा थंय? कोणाच्या घरचो?"

काही क्षण नुसते पाणी वाजले...

"धुऱ्यांच्या घरची! सुभद्रा! भयणीकडसून इलंय. सावकाश येवा बुवा, घाय नाय. मी बसलंय हय!"

मास्तर पुन्हा चटईवर बसले. नेमकी हीच? आजच?

बुवा परत आले. ते मास्तरांपुढे उकिडवे बसले, पुढे झुकले आणि खिशाच्या अगदी जवळ तोंड नेऊन, धक्क्यावर विचारले होते त्याच शांत आवाजात म्हणाले,

"कोण आसा थंय? कोणाच्या घरचे तुमी?"



खिसा एकदम भडकला. "कोण आहे हा? मास्टरजी, कोण आहे तुमच्यासोबत? सांगितलं होतं ना कुणाशी बोलायचं नाही! दोघांना आत टाकीन! अभी के अभी निकलो! नहीं तो फोटो..."

"पेज घेवा," बुवा म्हणाले. "निवता."

आवाज आणखी चढला. कलमे सांगू लागला, शिव्या देऊ लागला, पाच मिनिटे म्हणाला, दोन मिनिटे म्हणाला. काल दुपारपासून ज्या आवाजाने मास्तरांचे पाणी पाणी केले होते तो हाच. पण आता तो एका मातीच्या वाडग्यावर ओरडत होता, आणि वाडग्यातून वाफ निघत होती.

मास्तरांनी वाडग्याकडे पाहिले. खिशाकडे पाहिले. बाहेर, कुठेतरी पांढऱ्या पोकळीत, सुभद्रा खोकली आणि पुन्हा शांत झाली. ती बसली होती. खरेच बसली होती.

मास्तरांनी तांब्या उचलला. घोटभर पाणी ते प्यायले.

मग खिशातून फोन काढला आणि बंद केला.

चुलीतली राख खचल्याचा आवाज आला...

"आता?" मास्तरांनी विचारले. शाळेत नवीन आलेल्या मुलाने विचारावे तसे.

बुवांनी बाहेर बोट केले. जुन्या धक्क्याकडे.

मास्तर उठले. धक्क्याच्या ओल्या दगडावर उभे राहून त्यांनी फोन पुन्हा चालू केला. त्यावर लगेच त्या नंबराची टकटक सुरू झाली, ती त्यांनी तोडून टाकली. मग स्वतःच्या यादीतला एक नंबर शोधला. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फौजदार असलेली उज्ज्वला सावंत त्यांची विद्यार्थिनी. दर गुरुपौर्णिमेला तिचा फोन चुकत नसे.

"सर!" ती म्हणाली. "एवढ्या सकाळी?"

मास्तरांनी सांगितले.

"सर, ऐका. फोनवर कुणालाही अटक होत नाही. असा कायदाच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओवर बसून पैसे मागत नाही. पाठवलेत का काही?"

"नाही."

"देवाची कृपा. नंबर जपून ठेवा, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरावर तक्रार नोंदवू आपण. मी दुपारी येते. आणि सर... तुम्ही एकटे नाही ना आहात? आधी थोडं पाणी प्या."

मास्तरांना हसू आले आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. ते दगडावर बसून लहान पोरासारखे रडले. धुके होते ते बरे, कुणाला दिसले नाही. बुवांना दिसले असेल, पण ते होडीतले पाणी उपसत होते.

"बुवा," डोळे पुसून मास्तर म्हणाले, "मी हावरट नव्हतो."

बुवा पाणी उपसत राहिले.

"अडाणीही नव्हतो."

करवंटीतले पाणी खाडीत पडले.

"मग मला त्याने धरले कशाला?"

बुवांनी करवंटी खाली ठेवली. मठीत गेले. तिसरा वाडगा घेऊन आले, त्यावर फणसाचे पान झाकले होते. तो त्यांनी मास्तरांच्या ओंजळीत दिला.

"सांडू नका," म्हणाले. "थंय माणूस भुकेला आसा."

"मी? मी नको, बुवा. तुम्ही जा. मी इथेच थांबतो."

बुवा होडीत चढून, वल्हे हातात घेऊन उभे राहिले. होडी हलेना. ते नुसते उभे राहिले, धुक्याकडे बघत. त्यांना कसलीही घाई नव्हती.

शेवटी मास्तर चढले.

होडी निघाली. काठ गेला, मठी गेली, चुलीचा धूर गेला. वर पांढरे, खाली पांढरे, आणि मधोमध वाडगा धरून बसलेले मास्तर. आपण पुढे जातो आहोत की एका जागी तरंगतो आहोत, त्यांना कळेना. खिशात फोन पुन्हा एकदा थरथरला आणि थांबला. ओंजळीला मात्र वाडग्याची ऊब लागत होती, आणि त्यांनी सगळे लक्ष त्या उबेवर ठेवले. सुभद्राला काय सांगायचे? 'त्या दिवशी माझा रोख तुमच्याकडे नव्हता'? होता की. 'भाषणाच्या भरात बोललो'? त्यांनी मनातल्या मनात एकेक वाक्य शुद्ध, प्रमाण मराठीत रचले आणि एकेक पाण्यात सोडून दिले.

वल्ह्याचा आवाज मंदावला. समोर धुक्यात काहीतरी गडद झाले. दगड असेल, माणूस असेल. मास्तरांना खोकला आला.

तिने रीत पाळली.

"कोण आसा होडयेत?" सुभद्राचा आवाज आला. "बुवांचा खोकणा नाय ह्या. कोणाच्या घरचो?"

मास्तरांनी तोंड उघडले. हेडमास्तर तेंडोलकर, असे म्हणायचे होते. जन्मभर तेच म्हटले होते. ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले...

"कोण आसा रे?" ती पुन्हा म्हणाली. आवाजात आता थोडी भीती होती.

मास्तर बोलले तेव्हा भाषा वर्गातली नव्हती. आईपाशी बोलत असत ती होती, इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या तोंडून न ऐकलेली.

"माकाय फोनार हाक इल्ली, सुभद्राबाय. मीय निघालेलंय."

होडी दगडाला हलकेच लागली. वाडग्यावरचे पान सरकले आणि पेजेची शेवटची वाफ वर गेली. सुभद्रा उभी होती. पदराचे टोक तिने मुठीत धरले होते. तिने मास्तरांकडे पाहिले, त्यांच्या ओंजळीकडे पाहिले. पाऊल मात्र उचलले नाही. मास्तरांचीही मान वर होईना.

मागे, वल्ह्यावर हात टेकून, केवलबुवा म्हणाले,

"बस गो, बाय. वळखीचो माणूस आसा."