बादलीत नसलेला लाल थेंब

नाशिकच्या एका हॉटेलात अमेरिकन वाइन मिळू लागणार होत्या. कोणत्या वाइनबरोबर काय खावं, याची यादी तिथे काम करणाऱ्या शाल्मली गायधनीने स्वतः चाखून केली होती: पांढऱ्या शार्डनेबरोबर तळलेली सुरमई, लाल झिनफँडेलबरोबर भरली वांगी.

यादी तपासायला बोलावलेले, कॅलिफोर्निया फिरून आलेले वाइन-परीक्षक कर्णिकसाहेब ती वाचून हसले. "वांगी? अगं पोरी, ही वाइन आहे, ताक नव्हे!"

"आधी चाखा तरी, साहेब."

"चाखतो. पण नापास झाली तर यादी फाडायची, आणि हिने उद्यापासून कामावर यायचं नाही," त्यांनी मालक बोरस्त्यांना बजावलं. बोरस्त्यांनी मान डोलावली.

साहेबांनी थुंकायची बादली जवळ ओढली. "खरा परीक्षक घोट घोळवून थुंकतो. गिळतं ते गिऱ्हाईक." त्यांनी शार्डने चाखली, थुंकली. "माशाबद्दल वाद नाही. आण तुझी वांगी."

शाल्मलीने वांगी, बाजरीची भाकरी आणि झिनफँडेलचा भरलेला ग्लास पुढे ठेवला. साहेब घासावर घास आणि घोटावर घोट घेत राहिले. ताट पुसून झाल्यावर म्हणाले, "छे! अजिबात जुळत नाही."

शाल्मलीने बादली उचलून थेट बोरस्त्यांसमोर धरली. तळाशी फक्त फिकट पिवळी शार्डने होती.

"काका, साहेबांचा ग्लास रिकामा आहे. यात लाल थेंब दिसतो का बघा." मग ती कर्णिकांकडे वळली. "साहेब, परीक्षक म्हणून बसलात आणि गिऱ्हाईक होऊन उठताय. माझी यादी गिऱ्हाइकांसाठीच आहे."

बोरस्त्यांनी साहेबांच्या पुढ्यातली यादी काढून घेतली आणि छापायला पाठवली.