पहिल्या नंबराची मानकरी

आठवडी बाजारात प्रभंजन महाराजांचं वजन उतरवायचं शिबिर भरलं होतं. काढ्याच्या बाटल्या घेऊन बाया काट्यापुढं रांगेत उभ्या होत्या.

"न्याहारी सोडा, झोप मोडा, फक्त माझा काढा प्या!" महाराज गरजले. "सगळ्यांत जास्त वजन उतरवेल, त्याला माझ्या शेजारी बसवीन!"

केरबा रांग मोडून मंचावर चढला. त्यानं उपरण्यात बांधलेलं मडकं काट्यावर ठेवलं.

"हे काय रे?"

"माझी इंदूताई. तुमचंच ऐकत होती. परवा चुलीपाशी कोसळली, ती उठलीच नाही. बघा, केवढीशी राहिलीय! पहिला नंबर तिचाच. बसवा शेजारी!"

महाराज खुर्चीसकट मागं सरकले. रांगेतल्या एका बाईनं बाटली तिथंच पालथी केली. मग दुसरीनं.