पाठमोरा श्रोता

एकदा एक वृद्ध ग्रंथपाल होता. तालुक्याच्या गावी त्याचं छोटं वाचनालय होतं, आणि नवा माणूस दारात आला की तो पहिल्या भेटीतच ऐकवून टाकी, "नऊ हजार ग्रंथ या हातांखालून गेलेत. माझ्याइतकं ज्ञान पंचक्रोशीत कुणापाशी नाही." समोरचा भारावून नमस्काराला वाकणार, तोच म्हातारा पुढे म्हणे, "वाचलेली पुस्तकं अकरा. बाकीच्यांच्या पाठींना नुसती खळ लावली."

म्हाताऱ्याचं नाव केरोबा. शिक्षण चौथीपर्यंत, पुढे शिकायला त्याची हरकत नव्हती, मास्तरांची होती. तथापि पुस्तक न वाचता पारखण्याची एक विद्या त्याला सिद्ध झाली होती. परत आलेलं पुस्तक तो मिटून आडवं धरी आणि पानांच्या कडा न्याहाळी. वाचकांच्या अंगठ्यांनी कडा जिथवर मळल्या, तिथवर पुस्तक वाचलं गेलं. जिथून पांढऱ्या, तिथे वाचक झोपला. कितीतरी थोर ग्रंथ चाळिसाव्या पानापुढे कोरे करकरीत आहेत हे गुपित त्याला ठाऊक होतं. त्यांचे कर्ते गावात व्याख्यानाला आले की केरोबा मुद्दाम पहिल्या रांगेत बसे आणि त्यांच्याकडे बघून गोड हसे.

अशा या केरोबाकडे एक लेखक आला. साधासुधा नव्हे. दूरचित्रवाणीवरच्या एका कौटुंबिक मालिकेचे चौदाशे भाग त्याने लिहिले होते. तिच्यातल्या सासूला त्याने दोनदा मारलं होतं आणि वाहिनीच्या हुकमावरून दोनदा जिवंत केलं होतं. दुसऱ्यांदा ती उठून बसली, त्या दिवशी याचंच मन मेलं. मालिका सोडून रहस्याच्या आणि भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायच्या आणि आपणच प्रकाशित करायच्या, असा त्याने निश्चय केला.

पहिली कादंबरी लिहून तयार होती. डोंगरातलं एक बंद पडलेलं टेलिफोन एक्स्चेंज; तारा कधीच उपटून नेलेल्या, तरी तिथला फोन वाजतो. तिथलं सामान मोजायला आलेली एक तरुण पोर तो उचलते, आणि पलीकडून बोलते सहा वर्षांपूर्वी वारलेली ऑपरेटरबाई. छापखान्यात कागद येऊन पडला होता. इकडे मालिकेच्या निर्मात्यानेही शहाणपणाने त्याची खुर्ची दसऱ्यापर्यंत रिकामी ठेवली होती. पुस्तक फसलं, तर परत त्याच खुर्चीत बसून सासूला तिसऱ्यांदा मारणं त्याच्या नशिबी होतं.

भुतांची पुस्तकं नेणारे वाचक केरोबाइतके कुणी पाहिलेले नाहीत, असं त्याच्या कानावर आलं होतं. तेव्हा काकांनी एकदा ऐकावं आणि खरं काय ते सांगावं, अशी त्याने विनंती केली. केरोबाने दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

सकाळी लेखक वही उघडून बसला. केरोबा भिंतीकडे तोंड आणि लेखकाकडे पाठ करून बसला, आणि फाटक्या पुस्तकांना खळ लावू लागला. लेखक खाकरला.

"वाचा, लेखकमहाराज," पाठ म्हणाली. "माझे कान मागेही चालतात."

तिसऱ्या प्रकरणात एक्स्चेंजमधला फोन वाजला आणि इकडे केरोबा उठला. चपला अडकवल्या, थांबू नका असं बजावलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये दाढीला जाऊन बसला. लेखक बिचारा रिकाम्या खुर्चीला भूत वाचून दाखवू लागला. वाचनालयाचं मांजर तेवढं हजर होतं. तेही झोपलं.

पावडरचा वास घेऊन केरोबा परतला, पुन्हा पाठ करून बसला आणि अर्धं पान ऐकून म्हणाला, "पोरीने फोन उचलला, पलीकडून ऑपरेटरबाई बोलली, आणि ती बाई मेलेली आहे हे पोरीला आत्ता कळलंय. बरोबर?"

अक्षरशः बरोबर होतं. पुढे नवव्या प्रकरणात तो चहाला गेला, बाराव्यात कुणाच्या तरी बारशाचे पेढे घ्यायला. दरवेळी परत येई, चार ओळी ऐके आणि मधलं सगळं बिनचूक सांगे. लेखकाची छाती भरून आली. जाऊन-येऊन ऐकणाऱ्यालाही गोष्ट सोडत नाही, म्हणजे काय पकड आहे आपल्या लेखणीची. शेवटचं पान संपवून त्याने विचारलं, मग उद्या छापायला सांगू ना?

"नको," केरोबा म्हणाला.

लेखकाचा चेहरा उतरला. अर्धी गोष्ट ऐकलीच नाही, मग निकाल कसला देता, असं तो जरा दुखावूनच बोलला.

"ऐकली नाही म्हणूनच देतो. दाढी झाली, चहा झाला, पेढे झाले, आणि माझं काही म्हणता काही बुडालं नाही. ते का, हे तुम्हीच सांगा."

लेखकाने वहीची चार पानं चाळली. मग हळूहळू सांगू लागला. मालिकेत त्याला पहिल्याच दिवशी धडा मिळाला होता की बघणाऱ्या बाईची पाठ टीव्हीकडे असते. ती पोळ्या लाटत असते, मध्येच कुकरची शिटी होते, दारावर कुणीतरी येतं. तिचं काही बुडू नये म्हणून होणार आहे ते आधी सांगायचं, होताना दाखवायचं, आणि झालं की दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा वदवायचं. चौदाशे भाग तेच केलं. आता हात आपोआप तसाच चालतो.

केरोबाने खळीची वाटी बाजूला सारली आणि सकाळपासून पहिल्यांदा लेखकाकडे तोंड केलं.

"विद्या खोटी नाही. पोळ्या लाटणाऱ्या बाईला तुम्ही इतकी वर्षं सोबत केलीत, ते पुण्यच आहे. पण ती विद्या पाठीसाठी आहे. पुस्तकवाला तोंड करून बसतो. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, दोन्ही डोळे तुमच्या हवाली. त्याला तीनदा सांगितलंत, तर तो समजतो, हा मला बावळट समजतो. मग पुढच्या कडा पांढऱ्या. आणि भुताचं तर विचारूच नका. एकदा सांगितलं तर ते भूत. तीनदा सांगितलं की तो पाहुणा, मग त्याला चहा विचारावा लागतो. वाचकाचं लक्ष जरा हललं, तर त्याला पान मागे उलटून शोधावं लागेल, असं लिहा."

लेखकाने वहीकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि तिथेच एक परिच्छेद खोडला. मग दुसरा. चौथ्या खाडाखोडीला त्याला स्वतःचंच हसू आलं. त्याने छापखान्याला थांबायचा निरोप धाडला आणि वही काखेत मारून तो गेला.

नवरात्राच्या तोंडावर तो पुन्हा आला. वही बरीच हडकली होती, लेखक मात्र तुकतुकीत दिसत होता. केरोबाने शिरस्त्याप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं, खळ घेतली. तिसऱ्या प्रकरणात फोन वाजला, म्हातारा उठला, चपला अडकवून समोर गेला. लेखक वाचत राहिला. त्याने आवाज मुद्दाम चढवला नाही.

सलूनवाल्याने दोन्ही गालांना फेस लावला आणि एक गाल केला. तेवढ्यात केरोबा गळ्यातल्या फडक्यासकट उठला आणि तसाच रस्ता ओलांडून आला. सलूनवाला वस्तरा हातात धरून दारात बघत उभा राहिला. म्हातारा खुर्चीत टेकला, या खेपेला लेखकाकडे तोंड करून. अर्धं पान ऐकलं, काही संदर्भ लागेना. आणखी एक पान ऐकलं. एक्स्चेंज तेच होतं, फोनही तोच होता, पण पोर कुठेच नव्हती, आणि बोलत होतं कुणी तिसरंच.

"अहो, मध्ये झालं काय?" फेसाच्या गालाने केरोबाने विचारलं. "ती पोर गेली कुठे?"

लेखकाने शांतपणे वही मिटली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"काका, सांगायचं तेवढं माझं चौदाशे वेळा सांगून झालंय. तुमची अकरा वाचून झालीत ना? हे बारावं."