भिंगरीचे दोन टक्के

फार जुनी गोष्ट नाही. विजेवरच्या स्कूटरी तेव्हा नुकत्याच बोलायला लागल्या होत्या.

भिंगरी नावाची अशीच एक स्कूटर गोदाक्कांना घेऊन घाट उतरली. ब्रेक दाबता दाबता तिची बॅटरी चक्क दोन टक्के वाढली! भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं.

पायथ्याच्या हॉटेलात आक्कांनी नातीसाठी कुल्फी घेतली आणि पिशवीतून चार्जर काढला.

"नको!" भिंगरीने हॉर्न वाजवला. "चार्जरकाका, तुम्ही झोपा. मी धावता धावता पोट भरते!" आणि ती आक्कांना घेऊन घराकडे, परत घाट चढायला गात सुटली.

अर्ध्या चढावर गाणं थांबलं, मग चाकं. आक्कांनी तिला ढकलत ढकलत घरी नेलं. कुल्फी पिशवीतच वितळली.

"पण ते दोन टक्के तर माझे होते!" भिंगरी रडवेली झाली.

कुल्फीने चिकट झालेले काका म्हणाले, "पोरी, काल हा घाट तुला चढवला कुणी? मी भरलेल्या टक्क्यांनीच ना? त्यातलेच दोन परत आले."