समोरच्या दारातल्या चपला

एका बाजारगावात एकाच रस्त्यावर, अगदी समोरासमोर, दोन डॉक्टर होते. एका दारात डॉ. रत्नमाला सातपुते आणि दुसऱ्या दारात डॉ. मुकुंद निरगुडे. रस्ता इतका अरुंद, की एका दवाखान्यात कोणी शिंकलं तर दुसऱ्या दवाखान्यातला माणूस नाक पुसायचा.

निरगुडेंच्या दवाखान्यात काय नव्हतं? मऊ सोफा होता, दोन पंखे होते, भिंतीवर काचेच्या चौकटीत डिग्री होती. सातपुतेबाईंकडे एक लाकडी बाक, तोही लंगडा, एका पायाखाली वीट लावलेला. पण माणसं त्या बाकावरच बसायला जायची. रोज सकाळी निरगुडे चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहायचे आणि समोरच्या दारातल्या चपला मोजायचे. एरवी वीस-पंचवीस जोड, बाजाराच्या दिवशी चाळीस. चपला वाढल्या की त्यांना चहा कडू लागायचा. मग ते आत बघून ओरडायचे, "घरातली साखर संपली का?"

साखर डबाभर असायची. त्यांच्या बायकोला, कुमुदवहिनींना, दुखणं कुठलं ते ठाऊक होतं. त्या आणखी एक चमचा घालायच्या.

खरं सांगायचं तर निरगुडे डॉक्टर म्हणून मुळीच कच्चे नव्हते. हाताला गुण होता, औषध बेताचं द्यायचे. खोड एकच. पेशंट पुढ्यात बसून दुखणं सांगायचा आणि यांची नजर त्याच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे. एकदा भागूआजी वैतागली. म्हणाली, "डॉक्टर, पोट माझं दुखतंय. समोरच्या घराचं नाही." आणि पिशवी उचलून गेली ती सरळ समोरच्या घरातच. अशीच एकेक चप्पल इकडून तिकडे गेली. निरगुडे मात्र म्हणायचे, बाईंनी माणसांना काहीतरी भुरळ घातली आहे.

शेवटी एका शनिवारी ते मारुतीच्या देवळात गेले. हात जोडून पुटपुटले, "मारुतीराया, समोरचा दवाखाना या गावातून एकदाचा हलव. तुला पाच नारळांचं तोरण बांधीन."

नवस मनातल्या मनात बोलावा. पण गाभारा लहान आणि मागे कुमुदवहिनी उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं. देवासमोर काय भांडायचं, म्हणून प्रदक्षिणेला निघाल्या.

वर्षही झालं नाही, तोच लोकसभेची निवडणूक लागली आणि सातपुतेबाई उभ्या राहिल्या.

त्याचं असं झालं. गावाच्या नळाला पाणी यायचं ते ताकासारखं गढूळ. पोरांना जुलाब झाले की बाई औषध द्यायच्या. आठ दिवसांनी तीच पोरं तोच आजार घेऊन पुन्हा दारात. बाईंनी किती अर्ज केले, किती उंबरे झिजवले, पण कोणी दाद दिली नाही. एक दिवस त्यांनी औषधाची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आजार पोटात नाही, पाण्यात आहे. आणि पाण्याचं औषध माझ्या कपाटात नाही."

"मग कुठं मिळतं?" बाकावरून कोणी विचारलं.

"मोठ्या योजना दिल्लीत मंजूर होतात म्हणे."

"मग जा की बाई दिल्लीला! आम्ही धाडतो."

तिथंच ठरलं. ना पक्ष, ना पुढारी. बाई अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांना निशाणी मिळाली बादली.

प्रचाराला निघायच्या आधी बाई एका संध्याकाळी रस्ता ओलांडून निरगुडेंच्या घरी आल्या. हातात एक जाडजूड वही होती. कोणाला दमा, कोणाला साखर, कोणत्या बाळाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं त्यात लिहिलेलं.

"निरगुडेसाहेब," बाई म्हणाल्या, "निवडून आले तर हा दवाखाना बंद करावा लागेल. दिल्लीत बसून इथली नाडी बघता येत नाही. माझी सगळी माणसं तुमच्या हवाली करते. तुमच्याइतकं नेमकं निदान या तालुक्यात कोणाचं नाही, हे मी जाणते."

निरगुडेंनी वही घेतली. "निर्धास्त जा, ताई," म्हणाले. हसलेसुद्धा. फक्त ते हसू ओठांच्या वर काही चढलं नाही.

बाईंची पाठ वळली आणि कुमुदवहिनींनी देवापुढे साखर ठेवली. "अहो, ऐकलंत ना? बाई जातील दिल्लीला आणि समोरच्या सगळ्या चपला आपल्या दारात! आणखी काय पाहिजे माणसाला?"

निरगुडे खिडकीतून समोर बघत होते. समोरच्या दारावर माणसं बादलीची निशाणी लावत होती.

"आणि पंधरा ऑगस्टला झेंडा कोण फडकवणार? ती. स्टेशनवर हार कोणाला? तिला. दारावर पाटी लागेल, खासदार! आणि मी काय करायचं? तिनं टाकून दिलेले खोकले तपासायचे?"

"अहो, तुम्हाला पेशंट हवे होते की हार?"

निरगुडेंनी चहा मागितला आणि तो कडू निघाला.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. काहीही होवो, बाई पडल्या पाहिजेत.

आधी त्यांनी सरळ वाट धरली. केस कापायला गेले तेव्हा खुर्चीत बसून म्हणाले, "बाईंना राजकारणातलं काय कळतं?" न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "कळत नाही म्हणूनच तर देतोय मत. ज्यांना कळत होतं त्यांना पंधरा वर्षं बघितलंच की." दुकानातली माणसं खो खो हसली. निरगुडे अर्धे केस तसेच ठेवून उठणार होते, पण तसं चारचौघांत जाता येत नाही, म्हणून बसले.

मग पिठाच्या गिरणीपाशी त्यांना भागूआजी भेटली. दळणाचा डबा मांडीवर घेऊन रडत होती.

"काय झालं आजी?"

"बाई निवडून येणार म्हणतात. चांगलंच आहे, लेकरा. पण ती गेली तर माझा दमा कोण बघणार? माझं तर ठरेना काय करावं."

निरगुडेंच्या डोक्यात लखकन वीज चमकली. बाईंना वाईट म्हटलं तर माणसं अंगावर येतात. पण चांगलं म्हटलं तर?

"खरंय आजी," ते खाली बसून म्हणाले. "असा डॉक्टर पुन्हा मिळायचा नाही. बादलीला मत दिलंस, तर तुझ्या हातानं तू तिला घालवलीस म्हणून समज."

आजीनं पदरानं डोळे पुसले. तिचं ठरलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून निरगुडेंनी मोटारसायकल काढली. स्वतःच्या दवाखान्याला कुलूप आणि पायाला भिंगरी. या वस्तीवरून त्या वस्तीवर, या आठवडी बाजारातून त्या बाजारात. जिथं चार माणसं दिसतील तिथं थांबायचे आणि सातपुतेबाईंची स्तुती करायचे. नुसती स्तुती करून भागेना. बाई जातील ही धास्ती माणसांच्या मनात बसायला हवी, तर बाई मोठ्या करून सांगायला हव्यात. मग हेच सांगू लागले, बाईंनी कोणाला मरणाच्या दारातून ओढून आणलं, कोणाच्या बाळंतपणाला भर पुरात चालत गेल्या, कोणाचा अंगात लपलेला ताप नुसत्या डोळ्यांवरून ओळखला. आणि यातलं काहीही खोटं नव्हतं. वीस वर्षं खिडकीत उभं राहून बघितलेलं होतं सगळं. बाईंचं इतकं बारीकसारीक बाईंनाही आठवलं नसतं.

एकेक शब्द बोलताना त्यांना कडू चहाचा घोट घेतल्यासारखं वाटायचं. तरी बोलत होते.

लांबलांबच्या गावांत बाईंचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. तिथली माणसं तोंडावर हात ठेवायची. "अशी डॉक्टर आहे होय आपल्या भागात? आम्हाला ठाऊकच नव्हतं!"

"म्हणून तर सांगतो," निरगुडे म्हणायचे, "बादलीला मत देऊन हातची घालवू नका."

मतदान झालं. निकाल लागला. बाई पडल्या. लांबच्या गावांचं एक वेळ राहू द्या, खुद्द त्यांच्या गल्लीतूनही बादलीला मोजकीच मतं पडली. ज्यांना बाई सर्वांत जास्त हव्या होत्या, त्यांनीच त्यांना मत दिलं नव्हतं.

निरगुडेंनी शेरभर जिलेबी आणली. कुमुदवहिनींनी ती ताटलीत काढली, पण एकही तुकडा तोंडात घातला नाही.

संध्याकाळी बाई आपल्या दवाखान्याच्या दारात आल्या. माणसं मान खाली घालून उभी होती. भागूआजी तर पार पुढे येऊन म्हणाली, "बाई, रागावू नका. तुम्ही जाऊ नये म्हणून..." आणि पुढचं तिला बोलवेना.

बाई म्हणाल्या, "आजी, मला ठेवून घेतलंत, पण पाणीही तेच ठेवून घेतलंत हो." एवढंच. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या नऊला दवाखाना उघडेल. ज्याला यायचं त्यानं या."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरगुडे चहा घेऊन खिडकीत आले. त्या दिवशी चहा गोड लागला. एकच घोट. मग त्यांनी खाली बघितलं.

समोरच्या पायऱ्या चपलांनी भरून गेल्या होत्या. पायऱ्या संपल्यावर चपला गटाराच्या फरशीवर आल्या होत्या, तिथून रस्त्यावर, आणि रस्ता ओलांडून थेट निरगुडेंच्या पहिल्या पायरीवर. कोपऱ्यावर तीन टेम्पो उभे होते. दहा दहा कोसांवरून माणसं आली होती. निरगुडेंनी मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे सोडून दिलं.

तेवढ्यात फेटा बांधलेला एक म्हातारा त्यांना बघून हात जोडत आला. "डॉक्टरसाहेब, ओळखलंत का? बाजारात तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्या शब्दावर अख्खी वस्ती घेऊन आलोय बघा! बाईंचा नंबर लागेपर्यंत जरा तुमच्या सोफ्यावर टेकू का? सावली आहे, पंखाही आहे."

त्यांनी हो म्हणायच्या आत सोफा भरला. काहीजण खाली फरशीवर बसले. एकानं दुसरा पंखाही लावला. निरगुडेंचा दवाखाना एवढा गजबजलेला कोणी कधी बघितला नव्हता. त्यातला एकही माणूस त्यांचा नव्हता.

दुपारी बाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या. "निरगुडेसाहेब, माझी ती वही परत न्यायला आले. आणि तुमचे आभार मानायचे होते. गावोगाव तुम्ही माझ्याबद्दल किती चांगलं बोललात, ते आज सकाळपासून ऐकतेय. माझ्या माणसांनीही माझा एवढा प्रचार केला नसेल. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं."

बाई मनापासून बोलत होत्या की चिमटा काढत होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. निरगुडेंनी वही दिली. एक पानही उलटलेलं नव्हतं.

बाई गेल्या. निरगुडे धपकन खुर्चीत बसले. "मारुती काही पावला नाही," ते पुटपुटले.

कुमुदवहिनी आतून आल्या. पदराखाली पाच नारळ होते. बाई उभ्या राहिल्या त्याच आठवड्यात आणून ठेवलेले, आता पार सुकलेले.

"देवाला बोल लावू नका," त्या म्हणाल्या. "तो पावला होता. बाई आपल्या पायानं वही घेऊन तुमच्या दारात आल्या, तो देवच आला होता. तुम्हीच त्याला गावोगाव फिरून परत पाठवलंत."

निवडून जो आला, त्याला त्या गावानं पुन्हा बघितलं नाही. नळाला पाणी तसंच गढूळ येत राहिलं, आणि ते काही एकाच बाजूच्या नळाला येत नव्हतं. निरगुडेंच्या चहाचं पाणीही त्याच नळाचं होतं.

तात्पर्य: मत्सरी माणसाला दुसऱ्याचं भलं इतकं खुपतं, की त्यातूनच दाराशी आलेलं स्वतःचं भलंही तो आपल्या हातानं माघारी धाडतो.