पाणी उडवणारं वल्हं

कॉलेजातली मुलं पगड्या काठावर काढून ठेवून होड्यांच्या शर्यतीत उतरत, त्या काळची ही गोष्ट. एका होडीच्या उजव्या बाजूला एक नवं वल्हं होतं. ते दर खेपेला पुरुषभर पाणी उडवी आणि काठावर टाळ्या पडत.

शर्यत सुरू झाली आणि होडी सारखी उजवीकडे वळू लागली. सुकाणू धरलेला त्र्यंबक ओरडला, "डावीकडचे, हळू मारा!" तेवढ्यात शेजारची होडी पुढे सटकली.

नवं वल्हं ऐटीत म्हणालं, "बघा, माझा जोर कोणाला झेपतच नाही!"

"अरे वेड्या, ज्या बाजूचा जोर कमी, तिकडेच मी वळते," होडी म्हणाली. "तुझा सगळा जोर हवेत उडतोय."

पुढच्या खेपेला ते वल्हं अलगद पाण्याखाली गेलं. काठावर एकही टाळी पडली नाही. होडी मात्र सरळ निघाली.